थंडीत पहाटे सेल्फ घेत नाही, दुपारी मात्र लगेच चालू. बॅटरी गेली का?

पहाटपाळी:

नमस्कार. मी नर्स आहे. मॉर्निंग ड्युटी असली की साडेपाचला घरातून निघावं लागतं, आणि गेल्या तीन आठवड्यांत गाडी चार वेळा जागची हललेली नाही. १५० सीसी, फ्युएल इंजेक्शन, किक नाही. बॅटरी १२ व्होल्ट ९ एएच (अँपिअर-तास), सीलबंद, साडेतीन वर्षांची.

चावी फिरवली की पंपाचा आवाज नेहमीसारखा येतो. सेल्फ दाबला की इंजिन एकदा जड फिरतं, मध्येच अडकतं आणि मग सीटखालून नुसतं टकटकटक. त्याच क्षणी मीटरचा उजेड जातो, आणि बटण सोडल्यावर घड्याळ १२:०० दाखवतं. मी गाडीजवळ थर्मामीटर ठेवलाय. त्या चारही पहाटे तापमान ४ ते ७ अंश होतं. १२ अंशांच्या वर असलं की कुरकुरत का होईना, चालू होते. इव्हिनिंगला दुपारी निघते तेव्हा तर बोट लावायचा अवकाश.

ओळखीतले दोघं म्हणाले, साडेतीन वर्षं झाली, बदलून टाक. बदलायला माझी ना नाही. पण नवी टाकली आणि दोष भलतीकडेच निघाला तर मी पुन्हा अंधारात गाडीशी झटत बसणार, आणि रात्रभर जागलेली माझी सहकारी ओव्हर (पाळीचा ताबा) द्यायला ताटकळणार. मी पोहोचल्याशिवाय तिला घरी जाता येत नाही. म्हणून आधी समजून घ्यायचंय. थंडीने बॅटरीला नेमकं काय होतं? आणि दुपारी चालते म्हणजे ती चांगली, असं म्हणता येईल का? घरात मल्टिमीटर आहे आणि तो मला वापरता येतो.

जुनापाना:

ताई, तापमान लिहून ठेवलंत हे फार छान केलंत. गाड्यांची कामं करताना मला हीच माहिती सहसा कुणाकडून मिळत नाही.

बॅटरीत वीज भरून ठेवलेली नसते. शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल यांच्यातल्या रासायनिक क्रियेतून ती मागणीनुसार तयार होते. थंडीत ही क्रिया मंदावते, आम्ल पट्ट्यांच्या छिद्रांत हळू शिरतं आणि आतला रोध वाढतो. २५ अंशांना पूर्ण क्षमतेची असलेली बॅटरी शून्य अंशाला साधारण ८० टक्क्यांवर येते, उणे १८ ला जवळपास निम्म्यावर. त्यात इंजिन ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणजे मोटरला जास्त जोर लावावा लागतो. देणारी बॅटरी अशक्त झालेली असतानाच मागणी वाढते.

तरीही ४ ते ७ अंश ही धडधाकट बॅटरीला आडवी करणारी थंडी नव्हे. बॅटरीचा सीसीए (थंडीत इंजिन फिरवण्याची ताकद) हा आकडा उणे १८ अंशांवर ठरवतात: ७.२ व्होल्टच्या खाली न जाता ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, ते मोजून. त्यामुळे तुमच्या गाडीत काहीतरी आधीपासूनच कमी पडत असणार, थंडीत ते फक्त दिसायला लागलं. खरं तर बॅटरीचं आयुष्य उन्हाळ्यात जास्त झिजतं. उष्णतेने आतली जाळी गंजते, पाणी उडतं. बंद ठेवलेली बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही थंडीत कमीच असतो. म्हणून दुपारी चालू होते यावरून निष्कर्ष काढू नका. दुपारी ऑइल पातळ असतं, तेव्हा थकलेली बॅटरीही वेळ निभावून नेते.

आता मोजमाप. गाडी किमान सहा-सात तास उभी राहिली की पहाटे चावी न फिरवता बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज घ्या. गाडी चालवून आल्या आल्या घेतलेला आकडा खोटा चढलेला असतो. १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. मग सेल्फ दाबलेला असताना व्होल्टेज कितीपर्यंत पडतं ते पाहा. साडेनऊ-दहाच्या खाली जायला नको. तुमचं घड्याळ शून्यावर येतं त्या अर्थी ते बरंच खाली जातंय. गाडी चालू झाली की आयडलला (रेस न देता) आणि ५००० आरपीएमला आकडा घ्या. ५००० ला १३.५ ते १४.५ हवा.

लांबचा_रस्ता:

मी वेगळं सांगतो. साडेतीन वर्षं झालेली सीलबंद बॅटरी आहे, मोजमापात वेळ घालवू नका, बदला. माझी अशीच 'अजून चालतेय' म्हणत ठेवलेली बॅटरी एका निर्मनुष्य रस्त्यावर रात्री अकराला बसली. तीन तास कुणी आलं नाही. तुमच्यावर तर लोकांच्या ड्युट्या अवलंबून आहेत. जिथे वेळेवर पोहोचणं भाग आहे तिथे जुन्या बॅटरीची परीक्षा घेत बसू नये, असं मला मनापासून वाटतं.

जुनापाना:

तुमची कळकळ पटते, आणि बॅटरी शेवटी बदलावी लागेलही. पण चार्जिंग कमी असेल किंवा कुठून वीज गळत असेल तर नवी बॅटरीही दोन-तीन महिन्यांत याच गतीला जाते. अशा अर्धवट भरलेल्या राहून पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर धरलेल्या कितीतरी नव्या बॅटऱ्या मी पाहिल्यात. मोजायला फार तर एक सकाळ जाईल.

पहाटपाळी:

मोजलं. आज सुट्टी होती, म्हणून घाई न करता वहीत सगळं लिहिलं.

पहाटे ५:४०, तापमान ६ अंश. उभ्या गाडीचं व्होल्टेज १२.२१. सेल्फ दाबल्यावर ८.४, आणि तेच टकटक. मग बॅटरी काढून वर घरात आणली, दोन तास खोलीच्या उबेत ठेवली आणि परत लावली. तेव्हा एका दमात चालू झाली. आयडलला १३.२, ५००० ला १४.२.

रोजचं येणं-जाणं सांगायचं राहिलं: एका वेळी ४ किलोमीटर, दहा-बारा मिनिटं. हेडलाइट कायम चालू. नाइटनंतर सुट्ट्या आल्या की गाडी तीन-चार दिवस उभी. आणि दोन महिन्यांपूर्वी हँडलला मोबाइल चार्जरचं सॉकेट बसवून घेतलंय. त्यातला निळा दिवा रात्रीही जळत असतो. इतके दिवस त्यामुळे मला अंधारात गाडी पटकन सापडायची, पण आता शंका येतेय.

जुनापाना:

शंका बरोबर आहे. चार्जिंग उत्तम आहे, तिकडे बघू नका. गळती मोजा. चावी बंद, बॅटरीची ऋण वायर सोडवा, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावून तारेच्या आणि टर्मिनलच्या मध्ये जोडा. पाच मिनिटं थांबा, गाडीचा कंट्रोल युनिट झोपी जाऊ द्या, मग आकडा वाचा, फार लहान असेल तर मिलिअँपिअरच्या रेंजवर घेऊन. मीटर जोडलेला असताना चावी किंवा सेल्फ चुकूनही नको, मीटरचा फ्यूज उडेल. नुसत्या गाडीला एक-दोन मिलिअँपिअर पुरतात.

आणखी एक चाचणी, ही बरेच लोक करत नाहीत. मीटर व्होल्टवर घ्या. एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरच, म्हणजे वायरच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नव्हे तर शिशाच्या भागावर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. आता सेल्फ दाबा. मीटरवर ०.२ व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थच्या वाटेत (इंजिनकडून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणाऱ्या वाटेत) अडथळा आहे. तसंच धन टर्मिनल ते स्टार्टर मोटरचा खिळा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल.

पहाटपाळी:

काका, गळती १९ मिलिअँपिअर! सॉकेटचा फ्यूज काढला की १ वर येते.

आणि दुसरी चाचणी तीनदा केली, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. बॅटरीचं ऋण टोक ते इंजिन: सेल्फ दाबल्यावर १.१ व्होल्ट. धन बाजूला ०.३.

वायरचा माग काढत गेले तर ती इंजिनच्या मागच्या बाजूला, चेन कव्हरजवळ एका बोल्टला येते. लगवर पांढरट-हिरवा थर, आणि खाली गंज. बोल्ट हाताला घट्ट लागत होता, त्यामुळे बाहेरून काहीच कळलं नसतं.

जुनापाना:

सापडलं. सेल्फला समजा ८० अँपिअर लागतात. १.१ व्होल्ट पडतोय म्हणजे त्या जोडावर साधारण १४ मिलिओहम रोध आहे. एवढा बारीक रोध मीटरच्या ओहम रेंजवर कळत नाही, म्हणून प्रवाह वाहत असताना व्होल्टेज मोजावं लागतं. मोटरच्या वाट्याचा व्होल्ट तो बोल्ट खातोय.

१९ मिलिअँपिअर म्हणजे २४ तासांत ०.४५ एएच. चार दिवस उभी राहिली की १.८, म्हणजे ९ एएचचा पाचवा हिस्सा गेला. तो भरून यायला चार किलोमीटर पुरत नाहीत, कारण गार बॅटरी चार्जही सावकाश घेते. गळती आणि छोटे प्रवास यांमुळे तुमची बॅटरी कायम निम्मीच राहिली, आणि त्यात अर्थच्या गंजलेल्या जोडाची भर. यातलं कुठलंही एक असतं तर कदाचित तुम्हाला जाणवलंही नसतं.

काम असं करा. बॅटरी सोडताना आधी ऋण, मग धन. लावताना आधी धन, मग ऋण. उलट केलंत आणि पाना चॅसिसला लागला तर ठिणगी उडते. लग आणि बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, नीट आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी नको. टर्मिनलवर क्षार असतील तर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. सॉकेट चावीनंतर वीज मिळणाऱ्या वायरवर, रिले (विजेने चालणारा स्विच) घालून घ्या. बॅटरी घरात खोलीच्या तापमानाला येऊ दे, मग सीलबंद बॅटरीला चालणाऱ्या ऑटोमॅटिक चार्जरवर ०.९ अँपिअरच्या आसपास रात्रभर लावा, खिडकी उघडी ठेवून. चार्जिंग संपल्यावर एक दिवस नुसती ठेवा आणि व्होल्टेज मोजा. १२.७ टिकलं तर अजून जीव आहे. १२.४ च्या खाली घसरलं तर लांबचा_रस्ता म्हणतात तेच खरं, बदला.

लांबचा_रस्ता:

एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. मी आधी घाईने सांगितलं. माझ्या त्या रात्रीच्या बॅटरीनंतर नवी टाकली तीही दीड वर्षात गेली होती. आता या रविवारी माझ्या गाडीचीही अर्थ वायर तपासतो.

ताई, तोवर एक करून बघा: सेल्फ मारताना न्यूट्रलमध्ये असलात तरी क्लच पूर्ण दाबा. गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचं ओझं मोटरवर येत नाही. आणि एका वेळी पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नका, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या.

पहाटपाळी:

काम झालं. रात्रभर चार्ज करून २४ तासांनी १२.६८. काल पहाटे ५ अंश, सेल्फ दाबल्यावर १०.१, आणि क्लच दाबून दुसऱ्याच फेऱ्याला चालू. अर्थच्या जोडावर आता ०.०८. आज पुन्हा ५ अंश, पुन्हा तसंच.

बॅटरी आत्ता बदलत नाहीये. पण दर सोमवारी पहाटेचं व्होल्टेज लिहिणार आहे. सेल्फ दाबल्यावर साडेनऊच्या खाली गेलं की नवी घेईन. तीन दिवसांहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी वर आणून ठेवेन. काका, ती फरशीवर ठेवली तर उतरते म्हणतात, खरंय का?

जुनापाना:

नाही. आताच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना फरशीने काही होत नाही. पूर्ण भरलेली असेल तर थंडीत बाहेर राहिली तरी गोठत नाही. उतरलेली मात्र शून्याच्या थोडंच खाली गेलं की गोठू शकते, कारण आम्ल आता नुसतं पाणीदार उरलेलं असतं. गोठल्याची शंका आली, डबा फुगलेला दिसला, तर चार्जिंगला लावू नका. आणि गरम पाणी कधीही ओतू नका.

नवा_सायलेन्सर:

मी हलकी म्हणून लिथियम बॅटरी टाकलीय. थंडीत पहिल्यांदा सेल्फ दाबला की अगदी मेल्यासारखी, तिसऱ्यांदा मात्र जोरात फिरते. हाही अर्थचाच दोष का?

जुनापाना:

बहुतेक नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट थंडीत तशीच वागते. चावी फिरवून एक मिनिटभर हेडलाइट चालू ठेवा, थोडा प्रवाह वाहिला की आतले सेल ऊब धरतात, मग सेल्फ मारा. शून्याखालच्या तापमानाला तिला चार्जरवर लावू नका, सेल कायमचे बिघडतात. चार्जरही लिथियमचाच हवा. तरी अर्थची चाचणी करून आकडा इथे टाका, तापमान लिहायला विसरू नका.