कन्सोल रिपेअर होऊन आला पण कंट्रोलर चार्जच होईना, तुमच्याकडे असं झालंय का?

माळ्यावरून
आज माळा आवरताना पीएस फोरचा (प्लेस्टेशन, टीव्हीला लावून गेम खेळायचा कन्सोल) काळा कंट्रोलर हातात आला आणि 2018 चा गणपतीचा आठवडा डोळ्यासमोर उभा राहिला. कन्सोलचा पंखा भयंकर आवाज करायचा म्हणून लॅमिंग्टन रोडला दिलेला, धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून आला, एकदम शांत. पण कंट्रोलर लावला तर केशरी दिवाच नाही. लेक तेव्हा आठवीत, रडवेला झाला. मी दुकानदाराला फोनवर नको नको ते बोललो, नवी हजार एमएएचची बॅटरी आणून बसवली, तरी तेच. शेवटी शेजारच्या काकूंच्या फोनची केबल लावली आणि दिवा लागला! आमची केबल आतून तुटलेली. दुसऱ्या दिवशी जाऊन त्या माणसाची माफी मागितली, अजून वाईट वाटतं.

पावभाजी_७
माफी मागितलीत हे फार बरं केलंत दादा

रश्मी_नाशिक
आमचा चार्ज व्हायचा पण कनेक्ट नाही. कन्सोलचा मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) बदललेला ना, ब्लूटूथ त्याच्यावरच असतं, मग जुनी जोडी तुटते. कंट्रोलरच्या मागे एल टू बटणाजवळ बारीक भोक आहे, तिथे पिन पाच सेकंद दाबून धरा, मग केबलने जोडून मधलं पीएस बटण. केबल डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने पेअर होणार नाही.

जुनाखेळाडू
पीएस थ्रीवाले कोणी आहेत का? तो मोबाईलच्या चार्जरवर बहुधा चार्जच होत नाही, कन्सोल नाहीतर कॉम्प्युटरच लागतो. आणि केबल मिनी यूएसबी, मायक्रो नाही

तेजू
रिपेअरवाल्याने सगळं इनिशलाइज केलं (पुसून नव्यासारखं केलं) असेल तर रेस्ट मोडमध्ये, म्हणजे कन्सोल झोपलेला असताना, यूएसबीला वीज द्यायची सेटिंग परत बघा. आम्ही रात्रभर लावून ठेवायचो, सकाळी रिकामा. (कुकर झाला, आले)

सदाशिवपेठी
पोर्ट ढिला असेल तर चार्जिंगची छोटी पट्टी बदलता येते, तापकीर गल्लीत विचारा. पण आधी उघडून रिबनच्या (पट्टीच्या चपट्या वायरच्या) पिना मोजा, मी बाराची आणली, आतली चौदाची निघाली, परत फेरी.

दम्मामकर
मी इकडे सौदीत, मुलगा साताऱ्याला. दर शुक्रवारी ऑनलाइन फुटबॉल खेळायचो, तेवढाच सहवास. त्याचा कंट्रोलर असाच बंद पडला, तीन शुक्रवार गेले. मी फोनवरून त्याला पिन दाबायला शिकवलं, हेडफोनमधून "बाबा लागला!" ऐकलं आणि मला बोलताच येईना.

रश्मी_नाशिक
अहो डोळ्यात पाणी आलं. अजून खेळता का?

दम्मामकर
हो ताई, बारावी आहे त्याची, म्हणून अर्धाच तास.

पावभाजी_७
सातारा कुठे? माझं सासर कोरेगाव

दम्मामकर
रहिमतपूर! शेजारीच की.