गाण्याखाली छापलेली पट्टी आणि लय कितपत मानावी?

पेटीवादक, पंचवटी:
गाण्याच्या नावाखाली ‘डी शार्प मायनर, ८४ बीपीएम’ (म्हणजे पट्टी, अर्थात गाण्याचा सा कोणता, आणि मिनिटाला किती ठोके) असे तयार आकडे दाखवणाऱ्या ॲपवर विसंबून साथीची तयारी करू नये, असे माझे मत आहे आणि ते फजितीतून बनले आहे. कोजागरीला गंगापूर रोडवरील एका सोसायटीत आम्ही भूप या पाच स्वरांच्या रागातले एक भावगीत सादर करणार होतो. ॲपवर वाचून तानपुरा आणि तबला काळी दोनमध्ये (पेटीवरची दुसरी काळी पट्टी, म्हणजेच डी शार्प) लावला. गायिकेने मूळ ध्वनिमुद्रणाप्रमाणे षड्ज (सा) लावला तो काळी तीनचा (एफ शार्पचा). तबला तीन अर्धस्वर (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतले अंतर म्हणजे एक अर्धस्वर) चढवणे शक्य नव्हते, त्यामुळे श्रोत्यांचे मसाला दूध पिऊन होईपर्यंत तबलजी दुसरा तबला आणायला घरी गेले होते. नंतर पेटीवर वाजवून पाहिल्यावर उलगडा झाला. भूपाचे पाचही स्वर तेच ठेवून धैवताला (ध) षड्ज मानले की धानी हा वेगळा राग होतो, आणि काळी तीनच्या भूपाचा धैवत म्हणजेच काळी दोन. यंत्राने स्वर अचूक ओळखले होते, पण सा कोणता हे त्याला कळले नाही. आणि सा ठरल्याशिवाय आपल्याकडे एकाही स्वराला नाव मिळत नाही.

मिक्सिंग करणारा, सातपूर:
यात दोष यंत्रापेक्षा वाचणाऱ्याकडे अधिक जातो. अशी ॲप साधारणपणे गाण्यातील स्वरांचे प्रमाण १२ मेजर आणि १२ मायनर (पाश्चात्त्य संगीतातले स्वरसप्तकाचे दोन प्रकार) अशा २४ साच्यांशी ताडून पाहतात आणि सर्वांत जुळणारा साचा छापतात. राग त्यांना कोणी शिकवलेलाच नाही. एफ शार्प मेजर आणि डी शार्प मायनर यांचे सातही स्वर एकच, मग गोंधळ होणारच. माझ्या कामात मात्र हा आकडा रोज लागतो. काळी पाचमधले गाणे पांढरी पाचमध्ये हवे असेल, तर मी ते लय न बदलता तीन अर्धस्वर खाली आणतो. टेपच्या काळात गती सुमारे ६ टक्क्यांनी कमी केली की पट्टी एका अर्धस्वराने उतरायची, पण गाणेही तेवढेच रेंगाळायचे.

ताशावादक, जुने नाशिक:
पट्टीचे मला कळत नाही, लयीबद्दल बोलतो. आमच्या सरावाचे ध्वनिमुद्रण ॲपला ऐकवले, तेव्हा त्याने ढोलाच्या ठोक्याऐवजी ताशाची भरणी (मधले जलद ठोके) मोजली आणि लय नेमकी दुप्पट सांगितली. शिवाय मिरवणुकीत सुरुवातीची आणि शेवटची लय एक नसतेच, ती चढवायची असते. तिथे एकच आकडा कशासाठी? (मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र, लावून सराव मात्र आम्ही करतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.)

तबलाशिक्षिका, इंदिरानगर:
दुपटीची चूक विलंबित (अतिशय संथ) ख्यालात याहून विचित्र होते. १२ मात्रांच्या एकतालाचे एक आवर्तन (तालाची एक फेरी) ६० सेकंदांत येत असेल, तर लय मिनिटाला १२ मात्रांची झाली. इतका संथ ठोका बहुतेक ॲप गृहीतच धरत नाहीत, म्हणून ती मात्रांमधली भरणी मोजतात आणि विद्यार्थ्याला मध्यलयीचा आकडा दाखवतात. दादरा तालात तर सहा मात्रा मोजायच्या की दोनच ठोके, यावर उत्तर तिपटीने बदलते. तरीही मी हे आकडे वर्गात मुद्दाम दाखवते. यंत्राने काय मोजले असेल, हे शोधताना मुलांना मात्रा आणि ठोका यांतला फरक लवकर समजतो. काही ॲप गाण्याच्या ‘एनर्जी’ (जोम) आणि ‘आनंदीपणा’ यांनाही ० ते १ मध्ये गुण देतात, ते मात्र मला पटत नाही. मोठा आवाज आणि दाट आघात यांना यंत्र जोम समजते. मंद आवाजातला अभंग त्यात नापास ठरतो.

मिक्सिंग करणारा, सातपूर:
अभंगाचे मान्य. पट्टीबद्दल माझे मत कायम आहे: २४ साच्यांपैकी पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात बहुधा थोडेच अंतर असते, पण ॲप दुसरा क्रमांक दाखवत नाही.

पेटीवादक, पंचवटी:
माझी तक्रार नेमकी तीच आहे. शेजारी ‘किंवा काळी तीन’ एवढे छापले असते, तरी तबलजींनी दोन्ही तबले सोबत आणले असते.