ईस्टरची अंडी आली कुठून? परिपाठासाठी खात्रीची माहिती हवी

तासगावच्या बाई:

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. येईल त्या सणाची माहिती परिपाठात मुलांनीच सांगायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. दिवाळी, ईद, बुद्धपौर्णिमा, सगळं होतं. यंदा वर्गात मिरजेहून आलेला एक ख्रिस्ती मुलगा आहे. तो म्हणाला, "बाई, ईस्टरला आम्ही पहाटे अंधारात कबरस्तानात जातो आणि गाणी म्हणतो." बाकीची पोरं बघतच राहिली. त्यांना ईस्टर म्हणजे कार्टूनमधला ससा आणि रंगीत अंडी, एवढंच ठाऊक.

त्यात शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की ईस्टर हा मूळचा बाबिलच्या (बॅबिलोनच्या) एका देवीचा सण, अंडी आणि ससा ही तिची चिन्हं, आणि चर्चने तो ढापला. खात्री केल्याशिवाय असलं काही मला मुलांपुढे ठेवायचं नाही. अंडं, ससा आणि कबरस्तान यांचा एकमेकांशी संबंध काय? आणि तारीख दरवर्षी का हलते? २०२४ ला ३१ मार्च होती, २०२५ ला २० एप्रिल, २०२६ ला ५ एप्रिल. कुणी घरात हा सण करत असेल त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

वाईकर:

बाई, देवीची गोष्ट अगदीच हवेतली नाही. बीड नावाचा एक इंग्रज मठवासी होता. त्याने ७२५ साली कालगणनेवर ग्रंथ लिहिला. एप्रिलच्या सुमाराच्या महिन्यात इंग्रजांचे पूर्वज एओस्त्रे नावाच्या देवीचे उत्सव करत, असं त्यात आहे. बाबिलचा मात्र काही संबंध नाही, ते कुणीतरी मागाहून चिकटवलंय.

मिरजेची सिस्टर:

नमस्कार बाई. मी मिरजेची, नर्सिंगमधून निवृत्त झाले. आमचं घर तीन पिढ्या ख्रिस्ती, आजोबा मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. त्या पोराने खरं तेच सांगितलंय. त्यालाच परिपाठाला उभं करा.

आधी त्या मेसेजचं बघू. वाईकर दादा म्हणतात ते बीडने लिहिलंय खरं, पण तेवढंच लिहिलंय. अंड्याचा, सशाचा त्यात एक शब्द नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही जुन्या ग्रंथात त्या देवीचं नाव नाही. पुढे १८३५ मध्ये याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने जर्मन पुराणकथांवर लिहिताना ती जर्मनीतही होती असं मानलं, आणि नंतरच्या लोकांनी तिच्या हातात ससा दिला. बीडच्या कितीतरी शतकं आधीपासून ग्रीक, सिरियन, आर्मेनियन, मिसरी ख्रिस्ती लोक हा सण पाळत होते. इंग्लंडातली देवी त्यांनी ऐकलीही नव्हती. सणाचं मूळ यहुद्यांच्या वल्हांडणात आहे. मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटका झाल्याचा तो सण. त्याच दिवसांत येशूला वधस्तंभावर दिलं आणि तिसऱ्या दिवशी तो मरणातून उठला, म्हणून हा सण त्या दिवसांना बांधलेला आहे.

अंडं आलं ते उपवासातून. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवासाचे. हल्ली जो तो जमेल तेवढं सोडतो, पण मध्ययुगात युरोपात मांस, दूध, लोणी, अंडी सगळंच बंद असायचं. आता माणसाने खायचं बंद केलं म्हणून कोंबडी थोडीच थांबते? उलट थंडी सरून दिवस मोठा झाला की ती जास्तच घालते. घरात टोपल्या भरायच्या. ती उकडून ठेवायची, रंगवायची, आणि उपास सुटला की पहिला मान त्यांचा. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड, त्याच्या १२९० सालच्या हिशेबात साडेचारशे अंड्यांचे अठरा पेन्स लावलेले आहेत. रंगवून, सोन्याचा वर्ख लावून ती दरबारातल्या माणसांना वाटायची होती. चॉकलेटचं अंडं तर फार अलीकडचं. ब्रिटनमध्ये फ्राय कंपनीने ते १८७३ मध्ये आणलं.

अर्थ मागून आला, पण मनापासून आला. ग्रीक बायका पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, अंडी फक्त लाल रंगात रंगवतात. लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, आणि टरफल म्हणजे बंद कबर. ईस्टरला दोघं आपापली अंडी एकमेकांवर आपटतात, ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं. युक्रेनमध्ये मेणाने नक्षी काढून एकेक रंग चढवत जातात. त्या कलेला २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

ससा मात्र जर्मनांचा. १६८२ मध्ये फ्रांक फोन फ्रांकेनाऊ नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय, की आल्सास भागात मुलांना सांगतात, रानससा बागेत अंडी लपवून जातो, शोधा. जर्मन लोक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जाऊन वसले, तिकडे ससाही गेला, आणि तिथून तुमच्या पोरांच्या कार्टूनमध्ये आला. फ्रान्समध्ये हेच काम चर्चच्या घंटा करतात! पवित्र गुरुवारनंतर घंटा वाजवायच्या नसतात, म्हणून मुलांना सांगायचं की घंटा रोमला गेल्यात, येताना अंडी आणतील. ऑस्ट्रेलियात सशांनी शेतं आणि रानं उजाड केली, म्हणून तिकडे काही जण चॉकलेटचा ससा करण्याऐवजी बिल्बी नावाचा त्यांच्याकडचाच लांब कानांचा प्राणी करतात. "ढापला" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. गावोगावच्या बायकांनी त्या ऋतूत घरात जे होतं त्यातून सण सजवला. कुणाचं काही चोरून नाही.

आता आमची पहाट. आदल्या शनिवारी सगळी कबरस्तानात जमतात. गवत उपटायचं, कबरीला चुना द्यायचा. आजोबांच्या दगडावरची अक्षरं मी काळ्या ऑइलपेंटने भरते. ब्रश बारीक लागतो, नाहीतर जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. रविवारी चारच्या सुमाराला प्रभातफेरी निघते. पेटी गळ्यात अडकवलेली, तबला कमरेला बांधलेला, झांजा, मेणबत्त्या. वाद्यांना मिरजेत काय तोटा! भजनं बरीचशी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. टिळक शेवटच्या वर्षांत साताऱ्यात होते, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी १९१७ मध्ये तिथेच सुरू केला. अभंग-ओवीच्या चालीवर ख्रिस्ताचं नाव घ्यायला त्यांनी आम्हाला शिकवलं. ते नसते तर आम्ही आजही इंग्रजी चाली ओढत बसलो असतो, असं मला वाटतं. दारोदार एक जण म्हणतो, "ख्रिस्त उठला आहे," आणि आतून उत्तर येतं, "खरोखर उठला आहे." मग कबरस्तान. प्रत्येक कबरीवर मेणबत्ती आणि निशिगंध, आणि उजाडेपर्यंत उपासना.

पहाटच का? शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, बायका सुगंधी द्रव्यं घेऊन अगदी पहाटे कबरेकडे गेल्या, आणि ती रिकामी पहिल्यांदा त्यांनीच पाहिली. कबरस्तानात जमून पहाटेची उपासना करायची ही रीत सुरू झाली ती जर्मनीत सॅक्सनीमधल्या हेर्नहुट गावात. १७३२ मध्ये तिथल्या मोरावियन या प्रॉटेस्टंट पंथाची तरुण मुलं ईस्टरच्या पहाटे टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन गायली. पुढे त्यांचे मिशनरी जिथे गेले तिथे ती रीत गेली आणि इतर पंथांनीही उचलली. वर्गाला एवढंच सांगा, की आम्ही तिथे रडायला जात नाही. आमच्या माणसांना बातमी द्यायला जातो.

एक राहिलं. माझ्याबरोबर वॉर्डात केरळच्या एक सिस्टर होत्या, सीरियन ख्रिस्ती. त्यांच्याकडे पवित्र गुरुवारी रात्री पेसहा अप्पम करायचे. तांदळाचं पीठ आणि उडीद, न आंबवता वाफवायचं, वर झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) पानाचा क्रूस ठेवायचा. घरातला मोठा माणूस तो कापून सगळ्यांना देतो, बरोबर नारळाच्या दुधातला गूळ. हे सरळ वल्हांडणाच्या बेखमीर भाकरीवरून आलेलं. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तिथे अप्पम करत नाहीत, शेजारचे आणून देतात. आपल्याकडे नाही का, सण करायचा नसला की शेजारीण पुरणपोळीचं ताट आणून देते?

पंचांगप्रेमी, कऱ्हाड:

तारखेचं मी सांगतो, हा माझ्या आवडीचा विषय. ३२५ साली निकाया इथल्या धर्मसभेत ठरलं की सगळ्यांनी एकाच रविवारी सण करायचा. त्यातून रूढ झालेला नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्येच येतो. पौर्णिमा आकाशातली नाही, १९ वर्षांच्या चक्रावर बसवलेल्या कोष्टकातली धरतात, पण फरक पडला तर फार तर एकदोन दिवसांचा.

आता आपलं कॅलेंडर शेजारी ठेवा. बहुतेक वेळा ती पौर्णिमा चैत्राची, म्हणजे हनुमान जयंतीची असते. २०२३ ला हनुमान जयंती ६ एप्रिल, ईस्टर ९ एप्रिल. २०२६ ला २ एप्रिल आणि ५ एप्रिल. २०१९ ला तर हनुमान जयंती आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी, १९ एप्रिलला होते. जोतिबाची चैत्र यात्राही त्याच पौर्णिमेची. पाडळीची मानाची सासनकाठी आमच्या सातारा जिल्ह्यातून जाते, म्हणून मला ते पक्कं लक्षात राहतं. पण पौर्णिमा २१ ते २८ मार्चच्या दरम्यान पडली तर ती फाल्गुनाची असते, आणि ईस्टर होळीपाठोपाठ येतो. २०२४ ला तसंच झालं. याचं कारण असं, की चर्च विषुवदिन (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) धरतं आणि आपण मेषसंक्रांत (सूर्य मेष राशीत जातो तो दिवस) धरतो. विषुवदिन राशींच्या तुलनेत हळूहळू मागे सरकतो (याला अयनांश म्हणतात), त्यामुळे या दोहोंत आज चोवीस दिवसांच्या आसपास अंतर पडलंय. २०२७ ला पुन्हा होळीची पौर्णिमा २२ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला.

ग्रीक, रशियन वगैरे ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरसाठी जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर चालतात, म्हणून त्यांचा दिवस बहुधा वेगळा. २०२५ ला दोन्ही एकत्र आले होते, २०२६ ला त्यांचा १२ एप्रिल.

सातारी, मुक्काम क्राको:

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीसाठी पोलंडला असतो. इथे ईस्टरच्या आदल्या दिवशी टोपली सजवून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. उकडलेली अंडी, पाव, मीठ, सॉसेज, तिखट मुळा आणि लोण्याचं कोकरू, वर पांढरंशुभ्र भरतकामाचं फडकं. रांगेत सगळ्या टोपल्या उघड्या ठेवलेल्या असतात आणि फादर पाणी शिंपडत जातात. दुसऱ्या दिवशीची न्याहारी त्यातूनच. सोमवारी पाण्याचा धिंगाणा. पूर्वी पोरं पोरींना भिजवायची, आता कुणीही कुणालाही. पोलंडच्या शासकाने ९६६ साली बाप्तिस्मा घेतला त्याची ही आठवण, असं इथे लोक सांगतात. पण वसंतातली पाण्याची खेळी त्याहून जुनी असावी असं माझं मत. रंगपंचमीला वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

बाई, मुलांना एक जवळची गोष्ट सांगा. दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले होते, १९४३ ते १९४८. शाळा, चर्च सगळं होतं त्यांचं. काही आजारी मुलं आपल्या पाचगणीलाही होती. मिरज-कोल्हापूर गाडीने गेलात तर ते स्टेशन वाटेतच लागतं.

तासगावच्या बाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. तो मेसेज कसा खोटा आहे ते ग्रुपवर लिहून टाकलं. मुलगा बोलायला तयार आहे, त्याची आईही येणार आहे. सिस्टर, मुलांना अंडी रंगवून दाखवायची तर बाजारचा रंग नको वाटतो. घरगुती काही आहे का? आणि काही मुलं अंड्याला हात लावणार नाहीत.

मिरजेची सिस्टर:

कांद्याची वाळकी सालं घ्या, दोन ओंजळी भरून. लाल रंग हवा असेल तर नुसत्या लाल कांद्याची नको, पिवळसर-तपकिरी सालंही घाला, त्याने रंग चांगला धरतो. बुडेल एवढं पाणी आणि चमचाभर व्हिनेगर घालून सालं आधी उकळा, पाणी गार झालं की त्यात अंडी सोडून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ठेवा. तशीच त्या पाण्यात थंड होऊ द्या. पांढऱ्या टरफलावर नारिंगी येतो, गावठी अंड्यावर विटकरी. त्याआधी अंड्यावर मेथीचं किंवा कोथिंबिरीचं पान ओलं करून चिकटवा आणि जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा घट्ट बांधा. पूर्व युरोपात असंच करतात. मोजा सोडला की पानाचा ठसा फिका उमटलेला दिसतो, शिरांसकट. पिवळ्यासाठी हळद, आणि ती तर सांगलीचीच. शेवटी फडक्याला थेंबभर तेल लावून पुसा.

अंड्याला हात न लावणाऱ्या मुलांना गुड फ्रायडेचे बन द्या. इंग्लंडात त्या दिवशी वर क्रूस काढलेले मनुकांचे बन खातात. मैद्याची पातळ पेस्ट कोनात भरून क्रूस ओढायचा, अंडं न घालताही छान होतात. बेदाणा तासगावचा, तो तुम्हाला मी काय सांगू. पण आधी त्या मुलाच्या आईला विचारा, त्यांच्याकडे उपास किती कडक आहे. कडक असेल तर हे सगळं ईस्टरनंतरच्या सोमवारी ठेवा, म्हणजे पोरालाही खाता येईल.