मदत हवी आहे : कराओके शोमधली माइकची शिट्टी (फीडबॅक) कशी थांबवायची? (नागपूर)

नमस्कार मंडळी. हौशी कराओके ग्रुपचा शो आहे, धरमपेठेतल्या छोट्या हॉलमध्ये. गायक 14, वेळ 3 तास. प्रेक्षक म्हणजे नंबर लागायची वाट पाहणारे उरलेले 13 आणि त्यांच्या घरचे. 8 चॅनलचा मिक्सर, दोन 12 इंची स्पीकर, एक मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर).

प्रत्येकाला रीलमध्ये मोठा गायक दिसायचंय, म्हणून माइकची जाळीच मुठीत आवळतात. जाळी झाकली की कार्डिऑइड (एरवी मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक चारही बाजूंचा आवाज ओढतो अन् मॉनिटर कुंई करतो. मॉनिटर माइकच्या पाठीमागेच, गायकाच्या समोर ठेवलाय. गेन (मिक्सरवर माइकचा आवाज वाढवणारं बटण) उतरवला की "माझाच आवाज कमी केला" म्हणून रुसवे. मिक्सरवर 2 ते 4 किलोहर्ट्झची, म्हणजे चढ्या आवाजाची पट्टी खाली घेतली, तर शिट्टीबरोबर शब्दही गेले. जाळीखाली रंगीत चिकटपट्टी लावून 'इथं धरा' सांगितलं तर ऐकतात का? कोणी करून पाहिलंय?

दुसरं, ब्लूटूथवर ट्रॅक मागे पडतो, म्हणून मोबाइलला वायरच लावतो. पण स्टिरिओ पिन एकाच मोनो चॅनलमध्ये घातली की दोन्ही बाजू एकमेकींना खातात, बेस गायब! दोन वेगळ्या मोनो पिना असलेली वाय केबल हवी, 3 मीटर तरी. सीताबर्डीत टिकाऊ कुठं मिळेल?

अन् राजेहो, "फक्त एक कडवं" म्हणून चौथं गाणं सुरू करणाऱ्याला खाली कसं उतरवायचं, तेही सांगा.