कंबरदुखी, बॉक्सचा पलंग आणि बजेट १२ हजार: कोणती गादी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते, म्हणजे "चांगल्या कंपनीची घ्या" असं उत्तर येणार नाही.

वय ४४, वजन ५२ किलो, राहायला डोंबिवलीत. घरीच ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं करते, रोजचे पाच-सहा तास मशीनवर वाकून जातात. मार्चमध्ये कंबर धरली तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे साफ, स्नायू आखडलेत म्हणाले. व्यायाम दिलेत, ते करते (आठवड्यातून चार दिवस तरी). गादीचं विचारलं तर "कडक घ्या" एवढंच म्हणाले, तोवर पुढचा पेशंट आत.

दिवसा कंबर बरी असते. सगळं नाटक सकाळी. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग खिडकीचा गज धरून उभं राहायचं. आंघोळ होईपर्यंत खाली पडलेला चमचा उचलवत नाही.

सध्याची गादी २०१७ ची. पाच इंची, मध्ये काथ्या, वर-खाली फोम. "ऑर्थोपेडिक आहे, दहा वर्षं बघायला नको" म्हणून दुकानदाराने गळ्यात मारली. ह्यांचं वजन ८६ किलो. त्यांच्या बाजूला गादी अशी बसलीय की रात्री मी माझ्या जागी झोपते आणि सकाळी त्यांच्या कडेला सापडते. गॅरंटीसाठी फोन केला, माणूस आला, आडवी पट्टी टेकवून खाली फूटपट्टी घातली आणि म्हणाला, "एकच इंच आहे. दीड इंच झाला की कळवा."

आणखी एक घोळ: पलंग बॉक्सचा, ७८ बाय ७२, हायड्रॉलिक नाही. आत गोधड्या आणि गणपतीचं सामान. काही काढायचं तर गादी भिंतीला उभी करावी लागते, आणि ती मीच करते. म्हणजे गादी जड नको.

काथ्याची ११ हजारांत मिळतेय, ऑनलाइन मेमरी फोम साडेतेरा. सासूबाई म्हणतात, फळीवर चटई टाक आणि झोप. काय करू?

निवांत_दुपार: ताई, घरापासून लांब कुठे झोपलात की सकाळी कसं असतं? आणि पायात मुंग्या, बधिरपणा? तसं असेल तर गादीचा विषय बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी.

धागाकर्ती: मुंग्या वगैरे नाहीत. मे महिन्यात सातारला भावाकडे पाच दिवस होते. लोखंडी कॉट, वर कापसाची गादी, दिवाळीत पिंजून घेतलेली. उठून थेट चहा टाकत होते की मी! तेव्हा वाटलं, माहेरची हवा.

गादीवाला_निवृत्त: पुण्यात वीस वर्षं गाद्याच विकल्या, म्हणून बोलतो. "ऑर्थोपेडिक" हा शब्द खोळीवर कुणीही छापतो, त्यावर जाऊ नका. आणि कडक म्हणजे चांगली हेही डोक्यातून काढा. २००३ साली 'लॅन्सेट' मासिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेले ३१३ लोक, निम्मे कडक गादीवर, निम्मे मध्यम-कडक गादीवर, ९० दिवस. मध्यम-कडकवाल्यांना जास्त आराम पडला. त्यातून तुमचं वजन ५२. तुमच्या भाराने कडक गादी दबतच नाही, खांदा आणि खुबा तेवढे टोचत राहतात.

फोम घ्याल तर डेन्सिटी विचारा, म्हणजे घनमीटरला किती किलो. ३२ च्या खाली नको, ४० मिळाला तर उत्तम. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, टिकाऊपणा. खोळीला चेन असेल तर उघडून बघा. आत रंगीबेरंगी तुकडे दाबलेले दिसले तर तो बॉन्डेड फोम. स्वस्त, जड आणि टणक. खालच्या थराला चालतो, पण वर दोन इंच मऊ फोम हवा. मेमरी फोम उन्हाळ्यात गरम होतो, डोंबिवलीत मी तरी घेणार नाही. कापसाची उत्तम, पण दर एक-दोन वर्षांनी पिंजणं आलं, शिवाय तुमच्या बॉक्सवर उचलायला महाजड.

माझं ऐका, ७८ बाय ३६ च्या दोन सिंगल घ्या. तुमची मध्यम, त्यांची टणक. त्यांचा खड्डा त्यांच्यापाशी राहील आणि उचलायलाही निम्मं वजन. दुकानात चपला काढून पंधरा मिनिटं आडवं व्हा, लाजू नका. उताणं झोपून कंबरेखाली हात घाला. हात सैल फिरला तर गादी कडक, शिरतच नसेल तर मऊ.

चिंचपोकळी: दोन गाद्यांमधली फट छळते. आम्ही मधोमध सतरंजीची लांब घडी घालून वर एकच चादर घालतो.

रंधा: पैसे टाकायच्या आधी गादी काढून खालची फळी बघा. बॉक्सच्या पलंगाला बरेचदा पातळ प्लाय मारतात, तीच झोळते. मग नवी गादीही वर्षभरात तशीच होणार.

धागाकर्ती: रंधादादा, काल गादी उभी केली. घरात दोऱ्याला काय तोटा! रीळ घेतलं, मुलीला पलंगाच्या एका कडेला बसवलं, मी दुसऱ्या कडेला, दोरा ताणून धरला. ह्यांच्या बाजूला दोरा आणि फळीच्या मध्ये माझं अख्खं बोट गेलं. नऊ वर्षं मी गादीलाच शिव्या घालत होते.

सुतार म्हणतो, फळ्या उलट्या करतो आणि खाली आधाराच्या पट्ट्या ठोकतो, ९०० रुपये. तोवर दोन रात्री हॉलमध्ये जमिनीवर झोपले, खाली तीन गोधड्या. आज सकाळी खिडकीचा गज धरावा लागला नाही, मात्र जमिनीवरून उठताना गुडघे बोलले.

रविवारी कल्याणला जाऊन माझ्या बाजूची तेवढी आधी घेते, चाळिसाचा फोम, पाच इंची. ह्यांना विचारलं, तुमचीही घेऊ का? म्हणाले, राहू दे, मला खड्ड्यात छान झोप लागते.