मदत हवी आहे: लँडिंगची जुनी नोंद नसेल तर क्रॉसट्यूबचे उरलेले आयुष्य कसे धरावे?

नमस्कार. मी भुसावळचा. रेल्वेत ॲक्सलच्या अल्ट्रासोनिक तपासणीत माझी बहुतेक नोकरी गेली, आता निवृत्त आहे. हेलिकॉप्टरवर मी कधी काम केलेले नाही, म्हणून जाणकारांकडे मदत मागत आहे.

अमळनेरचा माझा भाचा हेलिकॉप्टरची देखभाल करणाऱ्या एका लहान कंपनीत तंत्रज्ञ आहे. तेथे चाकांऐवजी स्किडवर उतरणारे, दुसऱ्या मालकाकडून घेतलेले एक जुने हेलिकॉप्टर आहे. पोटाखालून आडव्या जाणाऱ्या ज्या दोन कमानदार नळ्यांना स्किड जोडलेले असतात, त्यांना क्रॉसट्यूब म्हणतात आणि उतरतानाचा दणका त्याच वाकून झेलतात. उत्पादकाने या नळ्यांचे आयुष्य लँडिंगच्या संख्येत बांधून दिले आहे. ती संख्या भरत आली, तेव्हा मागच्या नळीची डाय पेनिट्रंट तपासणी झाली. लाल रंग लावून पुसला, वर पांढरी पावडर मारली, पण तड्याची लाल रेघ कोठेही उमटली नाही. मग वरिष्ठांचे म्हणणे असे पडले की चांगली नळी भंगारात का घालायची, तपासत राहू आणि वापरत राहू. भाच्याने रात्री फोन करून विचारले, “मामा, तडा तं दिसत नही, मंग नळी काढानी कसाले?”

प्रश्न रास्त होता, कारण आम्हीही ॲक्सल तपासून पुन्हा गाडीखाली घालतच होतो. धातूच्या थकव्याचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून तडा जाण्याचा, पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या ॲक्सलवरच केला. परंतु पोलादाला साधारणपणे एक ताणमर्यादा असते, जिच्याखाली ते जवळजवळ कितीही फेरे सोसते. अशा नळ्या बहुधा ज्याच्या असतात त्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला अशी स्पष्ट मर्यादा नसते, प्रत्येक दणका थोडे आयुष्य खातोच. शिवाय उच्च ताकदीच्या मिश्रधातूत तडा दिसण्याजोगा झाल्यापासून नळी तुटेपर्यंतचा अवधी इतका थोडा असू शकतो की तो दोन तपासण्यांच्या मध्येच संपून जावा. म्हणून तडा पडण्याच्या पुष्कळ आधी, चाचण्यांतील चढउतार धरून, भाग निवृत्त करायचा असतो. देखभाल पुस्तिकेतील उड्डाणयोग्यतेच्या मर्यादांचे प्रकरण नियामकाने मंजूर केलेले असते. ते कंपनीला आपल्या मनाने वाढवता येत नाही. एवढे मी त्याला सांगितले आणि त्यावर मी ठाम आहे.

त्याने पाठवलेल्या एका छायाचित्राने मात्र माझी झोप उडाली. नळीला जेथे पट्ट्याची पकड बसते, तेथे रंग घासून गेला आहे आणि गंजाच्या पांढऱ्या भुकटीखाली नखाला लागेल असा बारीक खड्डा दिसतो. ॲक्सलमध्येही चाक दाबून बसवलेल्या जागीच, डोळ्यांआड, तडे सुरू होतात, हे मी वर्षानुवर्षे पडद्यावर पाहिले आहे. लँडिंगची संख्या भरलेली नसती तरी हा खड्डा पुस्तिकेतील गंजाच्या मर्यादेशी ताडून पाहावाच लागला असता.

आता खरी अडचण. पुढची नळीही जुनी आहे आणि पहिल्या मालकाच्या लॉगबुकात काही काळ फक्त उड्डाणाचे तास लिहिलेले आहेत, लँडिंग नाहीत. त्या काळात प्रशिक्षण होत असल्यास एका तासात कितीतरी वेळा जमिनीला टेकणे झाले असणार आणि सरासरी काढली तर ते सारे दडून जाईल. अशा वेळी तासांवरून लँडिंग धरण्याची तरतूद पुस्तिकेत कोठे शोधावी? ती नसेल तर उत्पादकाला लेखी विचारून उत्तर येईपर्यंत नळी निकामीच धरावी, हे माझे मत बरोबर आहे काय? स्किडवर घसरत केलेले लँडिंग आणि जोरात आदळलेले लँडिंग वेगळे मोजतात काय?

ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केले आहे त्यांनी कृपया लवकर लिहावे. हेलिकॉप्टर सोमवारी उडवायचे ठरत आहे आणि भाच्याला त्याआधी आपली हरकत लेखी द्यायची आहे.