तातडीचे: मंडळाचा लॅपटॉप चार्ज होत नाहीये

प्रेषक: खजिनदार (सध्या मुक्काम प्रतापनगर)
विषय: तातडीचे: मंडळाचा लॅपटॉप चार्ज होत नाहीये

मंडळी,
इथे नागपुरात काल सकाळपासून लॅपटॉप ७ टक्क्यांवर अडकलाय. कोपऱ्यात प्लगचं चित्र येतं, त्यावर बाण नेला की 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग'. अडॅप्टर लावून चालतो, पण इथे दुपारी एकदा तरी लाइट जातेच आणि वरच्या खोलीचा सॉकेट इन्व्हर्टरवर नाही. काल बाबांच्या डोळ्यात थेंब घालायला खाली गेले, तेवढ्यात लाइट गेली. वर येईपर्यंत लॅपटॉप बंद. वर्गणीची दीड तासाची एन्ट्री पाण्यात.
रविवारच्या बैठकीआधी हॉलच्या अ‍ॅडव्हान्सचा हिशेब आणि थकबाकीची यादी द्यायची आहे. दोन्ही याच लॅपटॉपवर. (ऑनलाइन का नाही ठेवलं हे आता कोणी विचारू नका. कोजागिरीनंतर काय ठरलं ते सगळ्यांना माहीत आहे.)
भावाच्या फोनचा चार्जर त्याच भोकात बसतो म्हणून लावून पाहिला. ढिम्म. काय करू?

---

प्रेषक: महालवाले काका
विषय: रि: तातडीचे: मंडळाचा लॅपटॉप चार्ज होत नाहीये

अगं बाई, व्होल्टेज पाहिलं का? आपल्या इकडे अमेरिकेत १२०, तिकडे २३०. तिकडून आणलेला अडॅप्टर तिकडच्यासाठी आणि इकडला इकडल्यासाठी असतो. मी ३१ वर्षं वीज खात्यात काढली, म्हणून सांगून राहिलो. आधी ते बंद कर. बॅटरी काढ, तिचे पत्रे कोरड्या फडक्याने पूस, परत लाव. आमच्या वेळी नव्वद टक्के रोग यानेच बरे होत.

---

प्रेषक: सदरचा (वेबसाइटवाला)
विषय: रि: रि: तातडीचे

काका, अडॅप्टरच्या पोटावर बारीक अक्षरांत 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलेलं असतं. हल्ली लॅपटॉपचे सगळे तसेच येतात. आणि या मॉडेलची बॅटरी आत स्क्रूखाली आहे, बाहेरून निघत नाही. ताई, कृपया उघडू नका.
फोनचा चार्जर साधारण २० वॅटचा असणार. हा लॅपटॉप ६५ मागतो. भोक सारखं म्हणून भूक सारखी नसते. त्याने चार्ज झाला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.
पुढचं करा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, झोपवू नका, बंद. अडॅप्टर काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग सुरू करा. तरी नाही झालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीज उघडा, 'एसीपीआय कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' अशी एक ओळ दिसेल, ती अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. घाबरू नका, विंडोज ती स्वतः परत घालतं.
आणि हो, ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय का? झाकण नीट मिटतं का? बॅटरी फुगली असेल तर वरचं सगळं विसरा, अडॅप्टर काढून ठेवा आणि मला फोन करा.

---

प्रेषक: इतवारीची वहिनी
विषय: रि: रि: रि: तातडीचे

काकांचं अगदीच चूक नाही हो. मी लग्नानंतर नागपुरातून मिक्सर आणला होता, साडेसातशे वॅटचा, मोठ्या हौसेने. इकडे लावला तर नुसता गुरगुर करायचा, खोबरं जसंच्या तसं. उलट माझ्या नणंदेने इकडचा केस वाळवायचा ड्रायर इतवारीत लावला. दोन मिनिटं काय वारा सुटला म्हणता! मग धूर. सासूबाई अजून त्या सॉकेटला हात लावत नाहीत.
लॅपटॉपला ते लागू नसेल तर नसेल, मी आपलं सांगितलं.

---

प्रेषक: माजी खजिनदार (धरमपेठ)
विषय: रि: तातडीचे

हा लॅपटॉप चार वर्षं माझ्याकडे होता आणि एकदाही कुरकुरला नाही. हस्तांतराच्या वेळी तो चालू स्थितीत, अडॅप्टर, बॅग आणि माउससह दिला होता, तशी नोंद आहे. मंडळाची वस्तू प्रवासात न्यायची का, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता. असो.

---

प्रेषक: खजिनदार (सध्या मुक्काम प्रतापनगर)
विषय: रि: रि: तातडीचे

दादा, मी इथे माहेरपणाला नाही आले, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आणि यादी वेळेवर द्या म्हणून सगळ्यात जास्त मेल तुमचेच होते. 'असो' मलाही लिहिता येतं.
ट्रॅकपॅड सपाट आहे, झाकण मिटतं. बटण ३० सेकंद दाबलं. ती ओळ काढली, परत आली. अजून ७ टक्केच.
भाऊ म्हणाला बर्डीच्या बाजारात दाखवून येऊ. उन्हात स्कूटरवर गेलो. दुकानदाराने अडॅप्टर लावला, मान हलवली आणि म्हणाला, "ताई, मदरबोर्ड गेला, आठ दिवस ठेवून जा." उघडूनसुद्धा पाहिला नाही. मी उचलला आणि घरी आले. बॅटरी बदलायची झाली तर साडेचार हजार म्हणाला.

---

प्रेषक: सेक्रेटरी
विषय: खर्चाबाबत

बॅटरी घ्यायची असल्यास आधी दोन कोटेशन आणि समितीची मान्यता लागेल, हे नम्रपणे लक्षात आणून देत आहे. तसेच मिक्सरची चर्चा कृपया वेगळ्या विषयाखाली करावी.

---

प्रेषक: महालवाले काका
विषय: रि: खर्चाबाबत

अहो, पोरीचा जीव टांगणीला लागला आहे आणि तुम्ही कोटेशन मागून राहिले! गेल्या संक्रांतीला तिळगुळाचंही कोटेशन मागितलं होतं, तेव्हा काय झालं आठवा.
वहिनी, तुमच्या मिक्सरला चढता ट्रान्सफॉर्मर लागेल, १२० चे २३० करणारा. साडेसातशेच्या मिक्सरला हजार वॅटचा पुरत नाही, मोटर सुरू होताना जास्त ओढते. दीड हजार वॅटचा घ्या.

---

प्रेषक: सदरचा (वेबसाइटवाला)
विषय: रि: रि: तातडीचे

अख्खा मदरबोर्ड गेला असता तर लॅपटॉप इतका सुखात चालला नसता. थोडं थांबा.
स्टार्टवर उजवं क्लिक करून टर्मिनल उघडा आणि टाइप करा: पॉवरसीएफजी, एक स्पेस, तिरपी रेघ, बॅटरीरिपोर्ट. अर्थात इंग्रजी अक्षरांत. एक फाइल तयार होईल. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात, ते पाठवा. पहिला म्हणजे नवी असतानाची ताकद, दुसरा आजची.
आणखी एक. लॅपटॉप नेमका कुठे ठेवून काम करताय?

---

प्रेषक: खजिनदार (सध्या मुक्काम प्रतापनगर)
विषय: रि: रि: रि: तातडीचे

५७,००० आणि ४१,०००. म्हणजे बरं की वाईट?
कुठे म्हणजे? वरच्या खोलीत, गादीवर. खाली बाबा झोपलेले असतात, शिवाय त्यांना भेटायला सारखं कोणी ना कोणी. वर कूलर नाही, पंखा आहे. स्लॅबची खोली आहे, भिंतीला हात लावला तरी पोळतो. नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू आहे, काल ४५ होतं.
पण एक गंमत. रात्री अडॅप्टर तसाच राहिला होता. पहाटे ५ ला पाहिलं तर ४३ टक्के! मला वाटलं झालं बरं. नऊ वाजल्यापासून परत तिथेच खिळलाय.

---

प्रेषक: सदरचा (वेबसाइटवाला)
विषय: सापडलं

ताई, त्याला नागपूर लागलंय, बाकी काही नाही.
लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. वापरायला ६० पर्यंत चालते, म्हणून लॅपटॉप चालतो पण चार्ज घेत नाही. बॅटरीत तापमान मोजणारा सेन्सर असतो. मर्यादा ओलांडली की चार्जिंग तोडतो. गरम असताना रेटून चार्ज केली तर बॅटरी लवकर म्हातारी होते, फुगते, कधी पेटतेही. तिने 'नाही' म्हटलं ते शहाणपणाने.
आता हिशेब करा. खोलीतली हवाच ४०-४२, खाली गादी, लॅपटॉपची हवा आत घ्यायची जाळी कापसात बुजलेली, त्यात प्रोसेसरची स्वतःची धग. बॅटरी ५० च्या वर गेली असणार. पहाटे खोली निवली आणि तिने मुकाट्याने घ्यायला सुरुवात केली. स्कूटरवरून उन्हात बर्डीला नेलात तेव्हा तर ती तापलेलीच पोहोचली, दुकानात कशी चार्ज होणार?
५७ पैकी ४१ म्हणजे बहात्तर टक्के शिल्लक. तेवढ्या वर्षांच्या बॅटरीला ठीक आहे. नवी घेऊ नका.
लॅपटॉप खाली न्या, फरशीवर किंवा लाकडी पाटावर ठेवा, मागून दोन बोटं उंच करा. कूलरच्या खोलीत चालेल, फक्त झोतासमोर नको, तुषार उडतात.

---

प्रेषक: इतवारीची वहिनी
विषय: रि: सापडलं

दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तर? माझी आई मेणबत्त्या ठेवायची.

---

प्रेषक: सदरचा (वेबसाइटवाला)
विषय: रि: रि: सापडलं

नाही वहिनी!! बाहेर काढला की थंड ताटलीला सुटतं तसं त्यालाही आतून पाणी सुटेल. मग खरोखर मदरबोर्ड जाईल.

---

प्रेषक: महालवाले काका
विषय: रि: सापडलं

मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की विजेचा दोष नाही.

---

प्रेषक: खजिनदार (सध्या मुक्काम प्रतापनगर)
विषय: रि: सापडलं

काका 🙏
देवघरासमोरच्या कोटा फरशीवर पाट ठेवला, पाटावर लॅपटॉप. आई म्हणाली आता याला पण नैवेद्य दाखवू का. अर्ध्या तासात चार्जिंग सुरू! रात्रीपर्यंत ८० झालं.
पण ८० वरच थांबलंय. दोन तास झाले, इंचभर पुढे नाही. खोली गार आहे, बॅटरीच्या जागी खालून हात लावला तर कोमट. आता काय?

---

प्रेषक: माजी खजिनदार (धरमपेठ)
विषय: रि: रि: सापडलं

हं. ते बहुधा मी केलं असावं. कंपनीच्या पॉवर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे. सतत अडॅप्टरवर असलेली बॅटरी १०० ला भरून ठेवली की लवकर झिजते, म्हणून मंडळाच्या मालमत्तेची काळजी म्हणून मी ते चालू केलं होतं. बहात्तर टक्के जीव शिल्लक आहे तो काही आपोआप राहिलेला नाही.

---

प्रेषक: खजिनदार (सध्या मुक्काम प्रतापनगर)
विषय: रि: रि: रि: सापडलं

हस्तांतराच्या नोंदीत माउस लिहिला होता, हे नव्हतं. पण खरंच चांगलं केलंत दादा, राहू देते तसंच. ८० वर दोन तास निघतात, लाइट तेवढा वेळ जात नाही.
यादी जोडली आहे. थकबाकीदारांनी स्वतःचं नाव शोधून घ्यावं, मी इथे घेणार नाही. सेक्रेटरींनी नोंद घ्यावी: खर्च शून्य, कोटेशन शून्य.

---

प्रेषक: इतवारीची वहिनी
विषय: रि: यादी

माझं नाव चुकून आहे, मी संक्रांतीला रोख दिले होते, काकांसमोर.
बरं, बर्डीला परत जाणं होईल का? मिक्सरचं चटणीचं भांडं आणशील? पात्यासकट.

---

प्रेषक: खजिनदार (सध्या मुक्काम प्रतापनगर)
विषय: रि: रि: यादी

आणते वहिनी, पण ऊन उतरल्यावर. पाती विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ती खालच्या बॅगेत जातील. लॅपटॉप हातात राहील. भांड्याचं माप पाठवा, आणि रोख कोणाच्या हातात दिले होते तेही.